ऑल्टरनेटिव्ह कंट्रीतले ऐकण्याजोगे अल्बम कसे शोधावेत

आपल्याकडे कंट्री संगीताची ओळख बहुतेकांना दोन नावांमुळे झालेली असते. एक जिम रीव्ह्ज, ज्यांची नाताळगीते ठाण्यात सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्चच्या आसपासच्या घरांतून डिसेंबरात हमखास ऐकू येत असत. आणि दुसरे जॉन डेन्व्हर, ज्यांचे वेस्ट व्हर्जिनियाच्या रस्त्यांवरचे १९७१ सालचे गाणे कॉलेजच्या सहलीत एकदा तरी गायले जातेच. दोघेही गायक म्हणून उत्तम. मात्र याच संगीताची एक आडवळणाची शाखा आहे, जिला ऑल्टरनेटिव्ह कंट्री किंवा थोडक्यात ऑल्ट-कंट्री म्हणतात, आणि तिच्यापर्यंत इथला श्रोता क्वचितच पोहोचतो. आपल्या एफएम वाहिन्यांवर ती वाजत नाही, आणि नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू-टू किंवा कोल्डप्ले येऊन गेले असले तरी या शाखेतले कोणी त्या मंचावर उभे राहण्याची शक्यता कमीच आहे. तेव्हा ठाण्यात किंवा नवी मुंबईत बसून हे संगीत शोधायचे असेल, तर वाट आपली आपणच काढावी लागते. ती अवघड नाही, फक्त ती शैलीच्या नावावरून न काढता माणसांच्या नावांवरून काढावी, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

थोडी पूर्वपीठिका

१९५० च्या दशकाच्या अखेरीस नॅशव्हिलच्या स्टुडिओंमध्ये चेट ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी कंट्रीचा पोत बदलला. खेडवळ फिडल आणि कण्हणारी स्टील गिटार मागे सारून त्यांनी व्हायोलिनचा ताफा आणि मागे गुळगुळीत कोरस आणला. जिम रीव्ह्ज हे त्याच घडणीचे गायक. या गोडव्याला पुढे वेळोवेळी आव्हान मिळत गेले. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डमध्ये बक ओवेन्स आणि मर्ल हॅगार्ड यांनी विजेच्या गिटारीचा धारदार आवाज परत आणला, ग्रॅम पार्सन्सने १९६८ मध्ये द बर्ड्स या रॉक बँडबरोबर ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ करून लांब केसांच्या रॉक श्रोत्यांना कंट्री ऐकायला लावले, तर वेलन जेनिंग्ज आणि विली नेल्सन यांनी आपल्या गाण्यांवरचा हक्क कंपन्यांकडून स्वतःकडे घेतला. १९८० च्या दशकात इंग्लंडमधल्या लीड्स शहरातल्या द मेकॉन्ससारख्या पंक मंडळींनीही या संगीताला हात घातला; त्यांचा १९८५ चा ‘फिअर अँड व्हिस्की’ आजही ताजा वाटतो.

या सगळ्यांच्या पुढचे पाऊल म्हणजे अंकल टुपेलो हा बँड. इलिनॉय राज्यातल्या बेलव्हिल या गावातल्या जे फरार, जेफ ट्वीडी आणि माइक हायडॉर्न या तिघांचा पहिला अल्बम ‘नो डिप्रेशन’ १९९० मध्ये आला. शीर्षकाचे गाणे कार्टर फॅमिलीने १९३६ मध्ये मुद्रित केलेले जुने भजनवजा गाणे आहे, आणि त्याच अल्बमवर ‘फॅक्टरी बेल्ट’ नावाचे पंकच्या वेगाचे गाणेही आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या बंद पडलेल्या कारखान्यांची फाटके ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या गाण्यातला राग समजावून सांगावा लागणार नाही. पुढे १९९५ मध्ये ग्रँट ऑल्डन आणि पीटर ब्लॅकस्टॉक यांनी या संगीतासाठी जे नियतकालिक काढले, त्याचेही नाव ‘नो डिप्रेशन’ ठेवले. आणि मुखपृष्ठावर ‘ऑल्टरनेटिव्ह कंट्री’ असे छापून त्यापुढेच ‘म्हणजे काय असेल ते असो’ अशा अर्थाची मिश्किल पुस्ती जोडली. ज्यांनी या नावाचा झेंडा उभारला, त्यांनाच त्याची व्याख्या करता येत नव्हती.

म्हणूनच ॲपमध्ये शैलीचे नाव टाकून शोधणे फारसे कामाचे नसते. नुसते ‘कंट्री’ टाकले की नॅशव्हिलची आजची लोकप्रिय गाणी पुढे येतात, आणि ‘ऑल्ट-कंट्री’ टाकले की तयार याद्या येतात, ज्यांत तीच वीस-पंचवीस गाणी नावे बदलून फिरत असतात. अशा याद्यांतून गाणी मिळतात, पण एका गाण्याचा दुसऱ्याशी काय संबंध आहे हे कळत नाही, आणि चार दिवसांनी कोणते गाणे कोणाचे हेही आठवत नाही.

पहिला अल्बम निवडताना

सुरुवातीला एकच अल्बम घ्यावा, आणि तो आपल्या मूळच्या आवडीला लागून असलेला असावा. ज्यांना रॉक ऐकण्याची सवय आहे त्यांनी अंकल टुपेलोचा शेवटचा अल्बम ‘ॲनोडाइन’, साल १९९३, यापासून आरंभ करावा. यात गिटारी दणकट आहेत, पण फिडल, बँजो आणि पेडल स्टील त्यांच्या बरोबरीने बोलतात, आणि हे सारे स्टुडिओत एकत्र बसून वाजवलेले असल्यामुळे त्यात कृत्रिम चकचकीतपणा नाही. ज्यांचे लक्ष शब्दांकडे जाते, त्यांच्यासाठी ल्युसिंडा विल्यम्सचा १९९८ चा ‘कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड’ हा मला सर्वांत भरवशाचा वाटतो. ल्युसिंडाचे वडील मिलर विल्यम्स हे नावाजलेले कवी होते, आणि १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या दुसऱ्या शपथविधीत त्यांनी आपली कविता वाचली होती. मुलीच्या गाण्यांत काव्याचा आव कुठेही नाही. शीर्षकाच्या गाण्यात स्वयंपाकघर, रेडिओ आणि गाडीच्या मागच्या सीटवर बसलेले एक लहान मूल एवढेच दिसते, आणि घरात काहीतरी बिनसले आहे हे त्या मुलाच्या नजरेतूनच कळते. एकाही ओळीत ते उघड सांगितलेले नाही. हा अल्बम पुरा व्हायला कित्येक वर्षे लागली, निर्माते बदलले, गाणी पुन्हा पुन्हा मुद्रित झाली. ऐकताना मात्र ती ओढाताण कुठे जाणवत नाही.

ज्यांना रात्री हळू आवाजात ऐकायला आवडते, त्यांच्यासाठी दोन नावे. कॅनडातल्या काउबॉय जंकीजचा ‘द ट्रिनिटी सेशन’ २७ नोव्हेंबर १९८७ रोजी टोरोंटोच्या एका चर्चमध्ये एकाच मायक्रोफोनभोवती सगळ्यांना बसवून मुद्रित केला गेला आणि १९८८ मध्ये बाहेर आला. मार्गो टिमिन्सचा आवाज कुजबुजीच्या जवळचा आहे, आणि त्या वास्तूतली पोकळी हेडफोनवर स्पष्ट जाणवते. दुसरा, गिलियन वेल्चचा २००१ चा ‘टाइम : द रेव्हलेटर’, ज्यात तिचा आणि डेव्हिड रॉलिंग्जचा आवाज आणि त्यांची वाद्ये यांपलीकडे जवळजवळ काही नाही. गंमत अशी की हा अल्बम बव्हंशी नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओ-बी मध्ये झाला, म्हणजे ज्या खोलीत चेट ॲटकिन्स यांच्या देखरेखीखाली जिम रीव्ह्ज गात असत, त्याच खोलीत. वेल्च लॉस एंजेलिसमध्ये वाढलेली. डोंगराळ खेड्यातल्या जुन्या गाण्यांची ढब तिने अभ्यासाने कमावली, आणि त्यावरून सुरुवातीला तिच्यावर टीकाही झाली. माझ्या मते ती टीका फोल आहे. गाणे खरे वाटते की नाही याचा निवाडा कानांनी करावा, जन्मदाखल्याने नव्हे.

अंकल टुपेलोतूनच पुढे निघालेल्या विल्को या बँडचा ‘यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट’ सगळ्या याद्यांत वरच्या क्रमांकावर दिसेल. अल्बम थोर आहे, यात वाद नाही. तरी कंट्री शोधायला निघालेल्याने तिथून सुरुवात करू नये, कारण २००२ पर्यंत हा बँड मूळच्या वाटेपासून बराच दूर निघून गेला होता.

लोकलमधले आणि घरातले ऐकणे

निवडलेला अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, क्रम न बदलता ऐकावा, कारण या मंडळींनी गाण्यांचा क्रम विचारपूर्वक लावलेला असतो. ज्यांची ये-जा ट्रान्सहार्बर मार्गाने आहे, त्यांना ही सोय आयतीच आहे. ‘ॲनोडाइन’ पाऊण तासाच्या आत संपतो, म्हणजे ठाण्याला गाडीत बसलेला श्रोता पनवेलला उतरण्याआधी तो पुरा ऐकू शकतो. आणि विली नेल्सनचा १९७५ चा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’, जो एक सलग कथा आहे, तो त्याहूनही लहान असल्यामुळे नेरुळपर्यंतच्या प्रवासाच्या आसपास बसतो. अल्बम आदल्या रात्रीच घरच्या वाय-फायवर उतरवून घ्यावा, आणि ॲपमधले ‘शफल’ आठवणीने बंद करावे. गर्दीत शब्द निसटतात, म्हणून दुसरे ऐकणे घरी, गीतांचे शब्द समोर ठेवून करावे. अमेरिकेच्या दक्षिणेकडचा उच्चार आपल्या कानांना सवयीचा नसतो. शब्द वाचत ऐकले की दोन-तीन अल्बमांतच तो बसू लागतो.

वाद्यांपैकी पेडल स्टील तेवढी ओळखून घ्यावी. ती स्टँडवर आडवी ठेवलेली असते. वादक बसून डाव्या हातातला धातूचा दांडा तारांवरून सरकवतो आणि त्याच वेळी पावलांनी व गुडघ्यांनी तारांचा ताण बदलतो. तिचे मूळ हवाईयन गिटारीत आहे, आणि ती गिटार आपल्याला मुळीच परकी नाही. व्हॅन शिप्ली आणि सुनील गांगुली यांनी तिच्यावर वाजवलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्या एके काळी घरोघरी होत्या, आणि पंडित विश्वमोहन भट्ट यांनी राय कूडरबरोबर केलेल्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ या १९९३ च्या अल्बमला ग्रॅमी मिळाले. मींडेची सवय असलेल्या कानाला पेडल स्टीलचा सरकता स्वर पहिल्या ऐकण्यातच आपला वाटतो. इंग्रजी संगीत कोरडे वाटते अशी ज्यांची तक्रार असते, त्यांना मी आधी हे वाद्यच ऐकवतो.

श्रेयनामावली वाचणे

शोधाचे खरे काम इथे सुरू होते. अल्बम आवडला की त्यावर कोणी काय वाजवले, निर्माता कोण, मुद्रण कुठे झाले, आणि कोणते गाणे कोणी लिहिले, हे वाचावे. स्पॉटिफायवर गाण्याच्या नावाशेजारच्या तीन टिंबांत श्रेय दाखवण्याची सोय आहे, पण ती माहिती बहुतेक वेळा तोकडी असते. डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर तबकड्यांच्या मागच्या बाजूची छायाचित्रे आणि वादकांची नावे मिळतात, आणि ऑलम्युझिकवर प्रत्येक अल्बमासाठी श्रेयांचे वेगळे पान असते. आपल्याकडे गवयाचे नाव कळले की पाठोपाठ घराणे, गुरू आणि गुरुबंधू विचारले जातात. इथेही तेच करायचे आहे.

नमुना म्हणून ‘ॲनोडाइन’ समोर धरू. या वेळेपर्यंत बँडमध्ये पाच जण झाले होते : फरार आणि ट्वीडी यांच्याबरोबर ढोलावर केन कूमर, बासवर जॉन स्टिराट, आणि फिडल, बँजो, मँडोलिन वाजवणारा मॅक्स जॉन्स्टन. १९९४ मध्ये फरार बाहेर पडला आणि उरलेल्या चौघांचा विल्को झाला. फरारने जुन्या ढोलवादक हायडॉर्नला परत बोलावून सन व्होल्ट उभा केला. १९९५ मध्ये दोघांचे पहिले अल्बम आले, विल्कोचा ‘ए. एम.’ आणि सन व्होल्टचा ‘ट्रेस’. दोन्ही लागोपाठ ऐकल्यास अंकल टुपेलोमध्ये कोणाचा वाटा काय होता हे आपोआप उलगडते. ‘ट्रेस’ अधिक खोल आहे असे माझे मत आहे. त्यातल्या महामार्गावरच्या, पुराच्या आणि एकटेपणाच्या गाण्यांना फरारचा जड, वयापेक्षा पोक्त आवाज लाभला आहे.

आता वादकांकडे वळू. ‘ॲनोडाइन’वर पेडल स्टील वाजवणारे लॉइड मेन्स हे टेक्सासमधल्या लबक भागातले. त्यांच्या नावाचा माग काढला की एका बाजूला जो एलीचे १९७० च्या दशकातले अल्बम मिळतात, दुसऱ्या बाजूला टेरी ॲलनचा १९७९ चा ‘लबक (ऑन एव्हरीथिंग)’ हा तिरकस विनोदाचा आणि अतिशय मूळचा अल्बम मिळतो, आणि तिसऱ्या बाजूला रिचर्ड बकनरचा १९९४ चा ‘ब्लूम्ड’, ज्याची निर्मितीच मेन्स यांनी केली होती. विल्कोच्या ‘ए. एम.’वरही तेच आहेत. डिक्सी चिक्स, म्हणजे आजच्या द चिक्स, या गटाची मुख्य गायिका नॅटली मेन्स ही त्यांची मुलगी. एका वादकाच्या नावावरून महिनाभर पुरेल एवढे ऐकणे असे हाती लागते, आणि त्यातले बहुतेक कोणत्याही तयार यादीत सापडले नसते.

याच अल्बमवर ‘गिव्ह बॅक द की टू माय हार्ट’ या गाण्यात एक वयस्क आवाज येतो. तो डग साहम यांचा, आणि गाणेही त्यांचेच. साहम यांनी १९६५ मध्ये सर डग्लस क्विन्टेटबरोबर ‘शी’ज अबाउट अ मूव्हर’ गाजवले होते, आणि पुढे फ्रेडी फेंडर, फ्लाको हिमेनेझ यांच्यासह टेक्सास टोर्नेडोज काढला. हिमेनेझ यांच्या ॲकॉर्डियनवरून टेक्सास-मेक्सिको सीमेवरचे संगीत उघडते, पण तो स्वतंत्र प्रांत आहे आणि नवख्याने इतक्यात तिकडे भरकटू नये.

निर्मात्याचे नावही सोडू नये. ‘ॲनोडाइन’ची निर्मिती ब्रायन पॉल्सनची आहे, ‘ट्रेस’चीही त्याचीच. हाच गृहस्थ स्लिंट या रॉक बँडच्या १९९१ मध्ये आलेल्या ‘स्पायडरलँड’ या अल्बमाच्या मुद्रणाला होता, ज्याचा कंट्रीशी काडीचाही संबंध नाही. या शाखेतली माणसे कोणत्या मुशीतून आली होती हे अशा एका नावावरून समजते.

गाणे मुळात कोणाचे

दुसरा दोरा गीतकाराचा. अंकल टुपेलोचा तिसरा अल्बम त्याच्या मुद्रणाच्या तारखांच्याच नावाने, ‘मार्च १६–२०, १९९२’ म्हणून ओळखला जातो, आर. ई. एम. या बँडचा पीटर बक त्याचा निर्माता. त्यात स्वतःच्या गाण्यांबरोबर खाणकामगारांची आणि हातभट्टी गाळणाऱ्यांची परंपरागत गाणी आहेत, आणि ‘ॲटॉमिक पॉवर’ हे लूव्हिन ब्रदर्सचे गाणेही आहे. इथे थांबून लूव्हिन बंधूंचा १९५९ चा ‘सेटन इज रिअल’ ऐकावा. आयरा आणि चार्ली या दोघांचे आवाज इतके जवळून चालतात की कोणता स्वर कोणाचा हे ओळखणे कठीण होते. मुखपृष्ठावर दोघे पांढऱ्या सुटात उभे, मागे ज्वाळा आणि लाकडाचा भलामोठा सैतान, असे चित्र आहे. ते पाहून हसू येईल, पण गाताना दोघेही पूर्ण गंभीर आहेत.

लूव्हिन बंधूंचेच ‘द ख्रिश्चन लाइफ’ द बर्ड्सच्या ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’वर सापडते, कारण ग्रॅम पार्सन्स त्यांचा भक्त होता. पार्सन्सचे दोन एकल अल्बम, १९७३ चा ‘जीपी’ आणि त्याच्या मृत्यूनंतर १९७४ मध्ये आलेला ‘ग्रीव्हस एंजल’, या सगळ्या शाखेचा पाया मानले जातात. तो सप्टेंबर १९७३ मध्ये सव्विसाव्या वर्षी गेला. दोन्हींवर त्याला साथ देणारा आवाज एमिलू हॅरिसचा आहे, आणि १९७५ मध्ये तिला पहिले मोठे यश मिळाले तेही लूव्हिन बंधूंच्याच ‘इफ आय कुड ओन्ली विन युअर लव्ह’ने. पुढे वीस वर्षांनी, १९९५ मध्ये, तिने निर्माता डॅनियल लान्वाबरोबर ‘रेकिंग बॉल’ केला, ज्यात तिच्या आवाजाभोवती धुके पसरावे तसे गिटारीचे स्वर पसरलेले आहेत. ल्युसिंडाच्या ‘कार व्हील्स’मधल्या ‘ग्रीनव्हिल’ या गाण्यातही मागे तीच आहे. श्रेयनामावलीत एमिलू हॅरिस हे नाव दिसले की तो अल्बम ऐकून पाहावा; हा नियम सहसा फसत नाही.

‘कार व्हील्स’वरचे ‘ड्रंकन एंजल’ हे गाणे ब्लेझ फोली या टेक्सासच्या गीतकारावर आहे, ज्याची १९८९ मध्ये गोळी घालून हत्या झाली. फोलीचे ‘इफ आय कुड ओन्ली फ्लाय’ मर्ल हॅगार्डला इतके आवडले की त्याने २००० सालच्या आपल्या अल्बमाला तेच नाव दिले. फोलीचा मित्र टाउन्स व्हॅन झँट, आणि त्याच्यापाशी आल्यावर मात्र घाई करू नये. ह्यूस्टनच्या एका लहानशा क्लबात १९७३ मध्ये मुद्रित झालेला आणि १९७७ मध्ये निघालेला ‘लाइव्ह ॲट द ओल्ड क्वार्टर’ हा दुहेरी अल्बम म्हणजे एक माणूस, एक गिटार आणि समोर दाटीने बसलेले श्रोते. दोन गाण्यांच्या मध्ये तो हलकेफुलके विनोद सांगतो आणि लगेच काळीज पिळवटणारे गाणे घेतो. त्याच्याच जोडीला गाय क्लार्कचा १९७५ चा ‘ओल्ड नं. १’ ठेवावा. गीतलेखन म्हणून या दोन अल्बमांच्या तोडीचे या शाखेत फार थोडे आहे, आणि ज्यांना मराठी भावकविता मनापासून आवडते त्यांनी बाकी सारे बाजूला ठेवून आधी हेच ऐकले तरी चालेल.

मासिके, कंपन्या, रेडिओ

‘नो डिप्रेशन’ची छापील आवृत्ती २००८ मध्ये थांबली आणि २०१५ मध्ये त्रैमासिक रूपात परत आली. तिचे संकेतस्थळ आजही वाचनीय आहे. परीक्षण वाचताना त्यातल्या स्तुतीपेक्षा तुलनेसाठी घेतलेल्या नावांकडे लक्ष द्यावे. ध्वनिमुद्रण कंपन्यांपैकी शिकागोची ब्लडशॉट रेकॉर्ड्स ही १९९४ मध्ये ‘फॉर अ लाइफ ऑफ सिन’ या संग्रहाने सुरू झाली. तो संग्रह, आणि त्यानंतर ओल्ड ९७’स यांचा ‘रेक युअर लाइफ’ किंवा रॉबी फुल्क्सचा ‘कंट्री लव्ह साँग्ज’, हे ब्लडशॉटच्या त्या काळच्या मस्तीचे चांगले नमुने आहेत.

रेडिओसाठी नॅशव्हिलजवळच्या डब्ल्यूएमओटी या केंद्राचे इंटरनेट प्रसारण लावावे. ते याच मुळांकडच्या संगीताला वाहिलेले आहे. आपल्याकडे सकाळचे आठ वाजतात तेव्हा तिकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ किंवा, उन्हाळ्यात घड्याळे पुढे केलेली असताना, साडेनऊ झालेले असतात. म्हणजे डबा भरता भरता तिथला रात्रीचा कार्यक्रम ऐकता येतो. आवडलेल्या गाण्याचे नाव तेव्हाच मोबाइलच्या नोंदवहीत लिहून ठेवावे, आणि शक्यतो गायकाच्या नावाबरोबर ते कुठे ऐकले हेही लिहावे.

प्रत्यक्ष मैफलीची उणीव यूट्यूबवरून बरीचशी भरून निघते. एनपीआर या अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओची टायनी डेस्क ही छोट्या मैफलींची मालिका २००८ पासून चालू आहे आणि सिॲटलच्या केईएक्सपी केंद्राची स्टुडिओतली मुद्रणे उत्तम दर्जाची असतात. इंटरनेट अर्काइव्हच्या थेट संगीताच्या विभागात बँडच्या परवानगीने ठेवलेली मैफलींची मुद्रणे विनामूल्य मिळतात. ड्राइव्ह-बाय ट्रकर्स या अलाबामाशी नाते असलेल्या बँडच्या कितीतरी मैफली तिथे आहेत. त्यांचा २००१ चा ‘सदर्न रॉक ऑपेरा’ आणि २००३ चा ‘डेकोरेशन डे’ ऐकून मग त्या मैफलींकडे वळावे.

विकत घ्यायचे झाल्यास काळा घोड्याचे ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झाल्यापासून दुकानात जाऊन तबकड्या चाळण्याचे सुख आटले आहे, आणि परदेशातून व्हायनिल मागवणे टपालखर्च व सीमाशुल्कामुळे महाग पडते. बँडकॅम्प या संकेतस्थळावरून डिजिटल अल्बम घेणे त्यामानाने सोपे आहे. तिथे बरेचसे अल्बम आधी ऐकून पाहता येतात, फाइल कायमची आपली होते, आणि पैशाचा मोठा वाटा कलाकाराकडे जातो. त्यासाठी कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून घ्यावे लागतात.

मागे किती जावे, आणि आज काय ऐकावे

पाच-सहा अल्बम मुरल्यावर मुळांकडे जावे, त्याआधी जाण्याची गरज नाही. हॅरी स्मिथ यांनी १९५२ मध्ये जुन्या तबकड्यांतून निवडलेला चौऱ्याऐंशी मुद्रणांचा ‘अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक’ एका बैठकीत ऐकण्याचा नाही, रोज दोन-चार गाणी पुरेत. कंट्री हे गोऱ्यांचेच संगीत असा समज असल्यास तो इथेच गळून पडतो, कारण बँजो हे वाद्यच आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांबरोबर अमेरिकेत आले. हा वारसा आजच्या काळात ठामपणे मांडणाऱ्या कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्सचा २०१० चा ‘जेन्युइन निग्रो जिग’ आणि त्यांच्यातल्या ऱ्हियानन गिडन्सचा २०१७ चा ‘फ्रीडम हायवे’ हे दोन्ही आवर्जून ऐकावेत.

गेल्या दहा-बारा वर्षांतले काम विपुल आहे. जेसन इझबेल पूर्वी ड्राइव्ह-बाय ट्रकर्समध्ये होता. दारू सोडल्यानंतरचा त्याचा २०१३ चा ‘साउथईस्टर्न’ हा निर्माता डेव्ह कॉबबरोबरचा आहे, आणि कॉबच्या नावावरून पुढच्याच वर्षीचा स्टर्गिल सिम्प्सनचा ‘मेटामॉडर्न साउंड्स इन कंट्री म्युझिक’ मिळतो. सिम्प्सनने पुढे केंटकीच्या टायलर चिल्डर्सच्या ‘परगटरी’च्या निर्मितीत भाग घेतला, साल २०१७. मार्गो प्राइसचा २०१६ चा ‘मिडवेस्ट फार्मर्स डॉटर’ पहिल्याच गाण्यात बापाच्या हातून गेलेल्या शेतीची हकीकत सांगतो, आणि कर्जापायी जमीन जाणे म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या श्रोत्याला निराळे सांगायला नको.

सर्वांत नवी फळी ल्युसिंडा विल्यम्सच्या दोऱ्यानेच सापडते. वॅक्सहॅची या नावाने गाणारी केटी क्रचफील्ड तिला उघडपणे आपला आदर्श मानते. तिचा २०२० चा ‘सेंट क्लाउड’ आधी ऐकावा. २०२४ च्या ‘टायगर्स ब्लड’वर तिच्याबरोबर एम. जे. लेंडरमन गातो आणि गिटार वाजवतो. लेंडरमनचा स्वतःचा ‘मॅनिंग फायरवर्क्स’ त्याच वर्षीचा आहे, आणि तो ज्यात गिटार वाजवत आला त्या ॲशव्हिलच्या वेन्सडे या बँडचा २०२३ चा ‘रॅट सॉ गॉड’ हा गोंगाटाचा अल्बम आहे, ज्यात मधूनच झँडी चेल्मिसची स्टील गिटार वर येते. वॅक्सहॅचीच्या दोन्ही अल्बमांचा निर्माता ब्रॅड कुक आहे, आणि त्याच्याच निर्मितीत २०२४ मध्येच हुर्रे फॉर द रिफ रॅफचा ‘द पास्ट इज स्टिल अलाइव्ह’ निघाला. हे लिहिताना माझ्या फोनवर ऐकायला उतरवून ठेवलेला पुढचा अल्बम तोच आहे.